स्कायचे मॅकिनन शोधताना

एडिनबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला घोड्यावर बसलेल्या वेलिंग्टनचा पुतळा आहे. असईच्या लढाईत आपल्याला हरवून गेला, तोच हा. त्याच्या पाठीमागची देखणी दगडी इमारत म्हणजे जनरल रजिस्टर हाउस. रॉबर्ट अ‍ॅडमने आखलेली, १७७४ मध्ये पायाभरणी झालेली, आणि सरकारी दप्तर ठेवायचं म्हणूनच मुद्दाम बांधलेली. शेजारच्या न्यू रजिस्टर हाउसच्या घुमटाखाली मजल्यांवर मजले नोंदवह्यांची कपाटं आहेत. जन्माच्या वह्यांना लाल बांधणी, लग्नाच्या हिरव्या, मृत्यूच्या काळ्या. आता सगळं संगणकावर दिसतं, पण ते तीन रंग एकदा बघून यावेत असे आहेत.

दर उन्हाळ्यात कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून माणसं इथे पूर्वज शोधायला येतात. माझ्या मेलबर्नच्या मैत्रिणीच्या सासूबाई आल्या, तेव्हा मीही त्यांच्यासोबत गेले. त्या मॅकिनन घराण्यातल्या. हाताशी काय होतं, तर पणजोबांचा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला मृत्यूदाखला आणि ‘आम्ही मूळचे स्काय बेटावरचे’ ही घरात चालत आलेली गोष्ट.

स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सक्तीची झाली १ जानेवारी १८५५ पासून. पहिल्या वर्षी तर उत्साह इतका, की जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, लग्न कधी नि कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं लिहायचं. लिहिणारे बहुधा मेटाकुटीला आले असावेत, कारण पुढच्याच वर्षी रकाने छाटले. तरी जे उरलं तेही पुष्कळ. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. इथे लग्न झालं तरी बाईचं माहेरचं आडनाव कागदावर टिकतं, थडग्यावरही कोरतात. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलायचे. मला माझ्या पणजीचं माहेर शोधायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करू?

आता अडचण अशी, की ही सगळी व्यवस्था जन्मणाऱ्या, लग्न करणाऱ्या आणि मरणाऱ्या माणसासाठी. गाव सोडून जाणाऱ्याची नोंद कुणी ठेवायची? कुणीच ठेवली नाही. ब्रिटनमधून बाहेर निघालेल्या प्रवाशांच्या सरकारी याद्या सलग मिळतात त्या १८९० पासून पुढे, आणि त्याही इथे नाहीत, लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात आहेत. त्याआधी निघून गेलेला माणूस स्कॉटलंडच्या कागदांत फक्त गैरहजर असतो. १८५१ च्या जनगणनेत कुटुंब आहे, १८६१ च्या जनगणनेत नाही, आणि मधल्या काळात कुणाच्या मृत्यूची नोंदही नाही. मी इथे आले तेव्हा बोटांचे ठसे, छातीचा एक्स-रे, बँकेची स्टेटमेंटं, सगळं माझ्याआधी पोचलं होतं.

म्हणून जाणकार सांगतात, शोध पलीकडच्या किनाऱ्यावरून सुरू करा. व्हिक्टोरियाच्या मृत्यूदाखल्यावर जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, लग्न, मुलं आणि वसाहतीत किती वर्षं काढली, एवढं सगळं असतं. वर्षं वजा केली की येण्याचा काळ मिळतो. सासूबाईंच्या हिशोबात तो १८५२-५३ च्या आसपास आला, आणि तिथेच गाठ सुटायला लागली.

१८४६ मध्ये हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, आणि बेटांवर बटाट्यावर करपा पडला. आयर्लंडइतके बळी गेले नाहीत, पण उपासमार वर्षानुवर्षं चालली. जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. १८५२ मध्ये ‘हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी’ निघाली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तिने सुमारे ५,००० माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली. तिचे अध्यक्ष सर चार्ल्स ट्रेव्हेलियन, म्हणजे आयर्लंडच्या दुष्काळात मदतीचा हात आखडता घेतल्याबद्दल आजही शिव्या खाणारे, आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले. खर्चाचा तिसरा हिस्सा जमीनदाराचा. बाकीचे पैसे स्थलांतरितांनी तिकडे कमावून फेडायचे. उधारी म्हटली की वही आली. त्यामुळे या लोकांच्या याद्या जहाजवार लिहिलेल्या आहेत: नाव, वय, गाव, कुठल्या जमीनदाराच्या इस्टेटीवरचे. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेल्या शेजाऱ्याचा मागमूस नाही, आणि ज्यांच्याकडे दमडी नव्हती त्यांच्या तान्ह्या बाळाचंही वय लिहून ठेवलेलं. मला या सगळ्या प्रकारात हेच सर्वात विलक्षण वाटलं.

स्कायच्या स्ट्रॅथ पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांत, १८५१ साली डोनल्ड मॅकिनन शोधायला गेलात तर डोकं धरून बसाल. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींचं उलट, पहिलीला आईच्या आईचं. ही रीत सगळ्यांनी पाळली, की चार भावांच्या घरात चार सारख्या नावाचे नातू. गावातली माणसं एकमेकांना बापाच्या, आज्याच्या नावाने किंवा केसांच्या रंगाने ओळखायची, पण जनगणना करणाऱ्याच्या कागदावर त्याला जागा नव्हती. आमच्यासमोर डोनल्ड आणि कॅथरिन या जोडीची दोन घरं आली. सोसायटीच्या यादीतल्या मुलांची वयं जुळवून पाहिली तेव्हा एक घर गळलं.

यादीचंही पूर्ण खरं मानायचं नसतं. ‘हर्क्युलिस’ हे जहाज १८५२ च्या डिसेंबरात कॅम्पबेलटाउनहून ७०० हून अधिक माणसं घेऊन निघालं आणि देवी व टायफसने गाठलं. आयर्लंडच्या कॉर्क बंदरात थांबावं लागलं, माणसं मेली, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांना पुढे वेगवेगळ्या जहाजांतून पाठवलं. कुटुंबं फुटली. त्यामुळे यादीत ‘हर्क्युलिस’ आणि ऑस्ट्रेलियातल्या आगमनाच्या नोंदीत भलतंच जहाज, असं झालं तर दचकायचं नाही.

१८५५ च्या मागे गेलात की हात चर्चच्या वह्यांकडे. सर्वात जुनी १५५३ ची, पर्थशायरमधल्या एरल गावची. पण बेटांवरच्या बऱ्याच वह्या फार उशिरा सुरू होतात, कॅथलिकांच्या वेगळ्या, आणि १७८३ पासून काही वर्षं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, तेव्हा अनेकांनी नोंदच टाळली. त्यापेक्षा रंजक म्हणजे ‘कर्क सेशन’ची, म्हणजे चर्चच्या पंचांची इतिवृत्तं. २०२१ पासून ती ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला बोलावून बाप कोण ते वदवून घ्यायचं, मग सगळ्या चर्चसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवायचं. नीतीची चाड होतीच, पण बाप सापडला नाही तर पोराचा खर्च पॅरिशच्या गळ्यात पडायचा, ही काळजीही होती. आज कित्येकांना आपल्या घराण्यातला गाळलेला बाप तिथेच सापडतो.

एक सांगून ठेवते. एडिनबराच्या रॉयल माइल या रस्त्यावरच्या दुकानांत आडनाव सांगितलं की लगेच तुमच्या कुळाचं, म्हणजे क्लॅनचं, टार्टन (चौकड्यांचं कापड) आणि सरदाराची मुद्रा हातात ठेवतात. कुळं अनेकदा आपल्या सरदाराचंच आडनाव लावायची; आडनाव एक म्हणजे रक्त एक, असं काही नाही. सासूबाईंनी तरीही स्कार्फ घेतला. रंग छान होते, हे मात्र खरं.

मुंबईत आलेल्या स्कॉट माणसांचा माग काढणं त्यामानाने सोपं. ईस्ट इंडिया कंपनीचा पगार म्हणजे पुन्हा वही. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काळा घोड्याजवळचं सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ चं, तिथल्या स्कॉट मंडळींचीही नावं त्यांत निघतात. दफनाच्या नोंदीत मात्र वय आणि हुद्दा मिळतो, आईवडिलांचं नाव क्वचितच. मग मृत्युपत्र शोधायचं. माणूस मुंबईत मेला तर त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा आणि कुठली वस्तू कुणी केवढ्याला घेतली याचा हिशोब लंडनला जायचा. आलेली रक्कम कुणाला द्यायची, हे बघताना मागे राहिलेल्या भावा-बहिणींची नावं आणि त्यांचं गाव हाती लागतं.