उन्हाचा चौकोन

आमच्या बाहेरच्या खोलीला दक्षिणेकडे एक खिडकी आहे. वर्षातले सात-आठ महिने तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पडदा धुवायला काढायचा, तेवढाच तिचा संबंध. डिसेंबर लागला की मात्र तिचा भाव वधारतो. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्यातून ऊन आत शिरतं, फरशीवर चौकोन अंथरतं आणि घरातली झाडून सगळी माणसं त्या चौकोनात मावायला बघतात. सोफा ओस पडतो. टीव्हीसमोरच्या खुर्चीवरून एरवी भांडणं होतात, तिच्यावर आता वाळलेल्या कपड्यांचा ढीग सुखाने बसतो.

चौकोन आपला सवयीने म्हणायचा. सकाळी तो एका कोपऱ्याला धरून ओढलेल्या चादरीसारखा तिरपा असतो, बाराला जरा शहाण्यासारखा सरळ होतो आणि मग पूर्वेच्या भिंतीकडे कलत जातो. सूर्य चालला पश्चिमेला की चौकोन चालला पूर्वेला. तासाला १५ अंश, पृथ्वी फिरते तितकेच. त्याच्यामागोमाग आमची चटई, आईंचं विणकाम, बाबांचं वर्तमानपत्र आणि धाकट्याची न झालेली गृहपाठाची वही, असा सगळा संसार इंचाइंचाने सरकत असतो. मराठीत माणसं हवा खातात, बोलणी खातात आणि ऊनही खातात. आमच्याकडे ते पंगतीने खातात.

पण त्या पंगतीपर्यंत पोचायला आधी पांघरुणातून बाहेर पडावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं. पांघरूण स्वतः काही ऊब देत नाही. ऊब आपल्याच अंगाची. पांघरुणात अडकून पडलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. म्हणजे रात्रभर कण कण जमवलेली कमाई सकाळी सहाला एका झटक्यात उधळून द्यायची. कुणाला जमेल? थोरली "पाचच मिनिटं" म्हणते आणि ती पाच मिनिटं वीस मिनिटांची असतात. धाकटा शाळेचे कपडे रात्रीच पांघरुणात घेऊन झोपतो आणि सकाळी आतल्या आतच बदलतो. शर्टाची बटणं एक घर चुकलेली असतात, पण त्याचं त्याला काही नाही. एरवी न्हाणीघराचं दार बडवणारी ही माणसं डिसेंबरात कमालीची सभ्य होतात. "तू जा आधी, मला काही घाई नाही." "छे छे, आधी तुम्ही." इतका आदर वर्षात पुन्हा बघायला मिळत नाही.

स्वेटर माळ्यावरच्या बॅगेतून उतरतात. त्यांच्यात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या दर वर्षी गायब असतात, नुसता वास मागे उरलेला. यंदा धाकट्याने रीतसर चौकशी केली की गोळ्या कुणी घेतल्या. त्या न वितळता थेट हवेत उडून जातात हे सांगितल्यावर त्याने बॅगेत डोकं घालून दीर्घ श्वास घेतला, म्हणून ओरडाही खाल्ला. त्याला स्वेटरचं खरं आकर्षण रात्रीचं. दिवा मालवून स्वेटर डोक्यावरून ओढून काढायचा. हवा कोरडी असली की तडतड आवाज येतो आणि बारीक ठिणग्या दिसतात. हा खेळ रोज तीन-तीनदा चालतो. थंडीत स्वेटर काढण्याची हौस असणारा माणूस मी हा एकच पाहिला आहे.

आता सुट्टीचं. नवऱ्याच्या रजा डिसेंबरात मरायला टेकतात. त्याच्या ऑफिसात ३१ तारखेपर्यंत घेतली नाही तर रजा वाया जाते. वर्षभर "रजा नाहीये गं" म्हणणाऱ्या या माणसाकडे वर्षअखेरीला अचानक सहा रजा निघतात, पलंगाखाली विसरलेल्या चेंडूसारख्या. मग नकाशे उघडले जातात. नाताळच्या सुट्टीला लागून किती जोडता येतील याचा हिशोब होतो. हा हिशोब मोठा दगाबाज असतो, कारण २५ डिसेंबर आणि १ जानेवारी यांच्यात बरोबर सात दिवस असतात, म्हणजे दोन्हींचा वार कायम एकच. एक रविवारी आला की दुसराही येणारच, आणि दोन सुट्ट्या एका दमात बुडणार. २०२२ मध्ये तसंच झालं होतं. नवरा अजून ते वर्ष आठवून हळहळतो, जसं लोक हुकलेल्या नोकरीबद्दल हळहळतात. पुढचं तसं वर्ष २०३३, हेही त्याने काढून ठेवलं आहे.

तर यंदा बेत डोंगरावर जायचा होता. मग बाबांना खोकला झाला. मग थोरलीने कसलीशी परीक्षा काढली. तिकिटं तर आधीपासूनच नव्हती. शेवटी डोंगर राहिला डोंगराच्या जागी आणि रजा तेवढ्या मंजूर झाल्या. सहा दिवस सहाही माणसं घरात, आणि ऊन पडणारी जागा एकच.

भांडणं व्हायची ती कडेवरून. "माझे पाय सावलीत आहेत." "नाहीत, उन्हातच आहेत." खरं म्हणजे दोघांचंही बरोबर असतं. आभाळात सूर्य हा काही ठिपका नव्हे, अर्धा अंश रुंद थाळी आहे, त्यामुळे उन्हाची कड कधीच धारदार पडत नाही. कडेला दोनेक बोटांचा पट्टा असतो, धड ऊन नाही, धड सावली नाही. त्या पट्ट्यात थोरलीची पावलं असायची आणि त्यावर तिचं राजकारण.

हा तंटा मिटवायला म्हणून बाबांनी पेन्सिल घेतली. रोज घड्याळात बारा वाजले की ते उठायचे, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसायचे आणि चौकोनाच्या आतल्या कडेवर रेघ ओढायचे. बाजूला तारीख. फरशीवर लिहिल्याबद्दल मुलांनी या घरात मार खाल्ला आहे, पण आजोबांना कोण बोलणार? डिसेंबरच्या सुरुवातीच्या रेघा रोज थोड्या थोड्या आत सरकत होत्या. सूर्य खाली उतरेल तसं ऊन आत येणारच. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवसाचा भरदुपारचा सूर्य आणि सगळ्यांत लहान दिवसाचा, यांत ४७ अंशांचा फरक असतो. पृथ्वीच्या कलाच्या, म्हणजे २३.४ अंशांच्या, जवळजवळ दुप्पट. खिडकीच्या दृष्टीने हा फरक म्हणजे ऊन चौकटीवरूनच परत जाणं किंवा थेट आपल्या मांडीवर येऊन बसणं.

साधारण १७-१८ तारखेनंतर रेघा एकमेकींवर चढायला लागल्या. १९, २०, २१, २२, सगळ्यांची मिळून एकच जाड रेघ. ऊन आत यायचं थांबलं होतं. धाकटा म्हणाला, "आजोबा, तुमचा सूर्य बंद पडलाय." बाबा खूश. सूर्य उतरायचा थांबतो आणि परत फिरायला आठवडा-दीड आठवडा घेतो, हे त्यांनी वाचलेलं होतं, पण ते आपल्याच फरशीवर बघणं वेगळं.

त्याहून गंमत पुढे झाली. आत जायच्या थांबलेल्या रेघा बाजूला सरकायला लागल्या, पश्चिमेकडे. घड्याळात बाराच वाजलेले असायचे, पण चौकोन रोज जरासा मागे. एक तारखेपर्यंत तीन-चार बोटांचा फरक पडला. बाबांनी आधी घड्याळावर संशय घेतला, मग स्वतःच्या डोळ्यांवर. शेवटी थोरलीने परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवून उत्तर शोधलं. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य डोक्यावर आल्यापासून पुन्हा डोक्यावर येईपर्यंत चोवीस तासांहून जवळजवळ अर्धा मिनिट जास्त लागतो. रोजचा अर्धा मिनिट साठत जातो आणि घड्याळाच्या बाराला सूर्य अजून वाटेतच असतो. "म्हणूनच २२ तारखेनंतर दिवस मोठा होत असूनही सकाळी उजाडायला उशीर होतो," ती म्हणाली. मग आवाज बदलून, "म्हणजे मी उशिरा उठते त्यात माझा काही दोष नाही." परीक्षेचं माहीत नाही, पण वकिली तिला जमेल.

आईंना यातलं काहीच पटलेलं नाही. त्यांचा मुद्दा सरळ आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्याला वर्षातला सगळ्यांत जवळ असतो, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ, हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा त्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "जवळ येऊन करायचंय काय? बघतो तर तिरकाच." त्या कुणा नातेवाइकाबद्दल बोलत होत्या की सूर्याबद्दल, हे कळेना, पण भूगोलाच्या पुस्तकात याहून नेमकं लिहिलेलं नाही. तिरक्या उन्हाची तेवढीच ऊब जास्त जमिनीवर पसरते आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला कमी येते. आमचा तर सगळा झगडाच वाट्याचा. (पृथ्वीच्या दक्षिण भागात याच डिसेंबरात लोक पंख्याखाली घाम पुसत बसलेले असतात, हे ऐकून धाकट्याला त्यांची फार दया आली.)

दोन तारखेला रजा संपल्या. नवरा ऑफिसला गेला, मुलं शाळेत. आई-बाबा दवाखान्यात खोकला दाखवायला गेले. मी त्या दिवशी घरीच होते. अकराच्या सुमाराला लक्षात आलं की चौकोन रिकामा आहे. अख्खा. मी चटई मधोमध टाकली, पाय लांब केले, हातही पसरले. कुणाचा कोपर लागत नव्हता, कुणी सावली करत नव्हतं. दहा मिनिटांत पाठ तापली. स्वेटर काढला, तरी उकडायला लागलं, म्हणून उठले आणि फरशी पुसायला घेतली.

खिडकीकडून पुसत आले आणि पेन्सिलीच्या रेघांशी पोचल्यावर हात थांबला. घड्याळात बाराला पाच कमी होते. पेन्सिल बाबांच्या चश्म्याच्या घरात असते, ती शोधून आणली.