बाबांचे मोजे आणि पाच काजं

संध्याकाळी बाबा मोजे काढतात तेव्हा पोटरीच्या खाली जो वळ दिसतो तो वळ कसला, चांगला खड्डाच असतो. बोट फिरवलं तर मोज्याच्या वरच्या पट्टीच्या उभ्या रेघा मोजता येतील इतका. मी विचारलं, बाबा दुखत नाही का हो? तर म्हणे, "मोजा म्हटला की वळ येणारच, आमच्या लहानपणी तर रबर लावायचो." ते मात्र खरंय, शाळेत आम्हीपण लावायचो. इलास्टिक गेलेल्या पांढऱ्या मोज्यावर रबरबँड आणि त्यावर मोजा दुमडून घ्यायचा म्हणजे बाईंना दिसायला नको.

पण बाबांना शुगर आहे, वय ७२, आणि सकाळी नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर जायचं म्हणजे जायचंच, निफाडला पारा कितीही घसरूदे. त्यामुळे मोजे सोडा हा पर्याय नाही.

मी घरी पिको-फॉल, ब्लाउज शिवते. म्हटलं टेप आहे गळ्यात तर मोजूनच टाकू. घोट्याच्या चार बोटं वर, सकाळी साडेआठ इंच. संध्याकाळी सहाला तिथेच सव्वानऊ! पाऊण इंच फरक, माणूस तोच, मोजा तोच. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पाणी खाली उतरतं, त्याला कोण काय करणार. आणि मोज्यावर लिहिलेलं काय असतं, तर फ्री साइज. मुळात मोज्याचं माप पावलाचं असतं, पोटरी किती जाड हे दुकानात कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. माझ्याकडे एखादी बाई आली आणि तिला मी फक्त उंची बघून ब्लाउज शिवून दिला तर ती माझ्या तोंडावर मारेल.

(डॉक्टरांना आधी दाखवलं हो. बीपीच्या काही गोळ्यांनी घोटे सुजतात, अ‍ॅम्लोडिपिन त्यातलीच, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि एकच पाय अचानक सुजला तर मोजे बिजे बाजूला ठेवून सरळ दवाखाना.)

तर मग माझे प्रयोग. मेन रोडवरून स्वस्तातले चार जोड आणले, फाडायचेच होते म्हणून. पहिल्यात सरळ इलास्टिकच कापलं. मोज्याच्या वरच्या पट्टीत आतून बारीक रबरी धागा फिरवलेला असतो, तो दोन-तीन ठिकाणी तोडला की पट्टी सैल पडते. बाबा खुश. ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीपर्यंत मोजा बुटात जाऊन टाचेखाली गोळा झालेला आणि घरी आले ते फोड घेऊन. शुगरच्या पायाला फोड म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको, आईने मला दिवसभर ऐकवलं.

दुसऱ्यात बाहेरच्या बाजूने चीर दिली. विणलेलं कापड आहे हे विसरलेच मी, एक टाका सुटला की खालचा सुटतो, तो सुटला की त्याच्या खालचा, स्वेटर उसवतो तसं. मग कडा ओव्हरलॉक केल्या, वर साधी टिप मारली, घालताना ताणला आणि टिप तट्कन तुटली. ताणणाऱ्या कापडाला झिगझॅगच लागते, हे मी दुसऱ्यांना सांगत असते!

तिसऱ्याला परकरासारखा नेफा केला आणि नाडी ओवली. कितीही घट्ट, कितीही सैल, मला वाटलं झालं काम. आई हसली नुस्ती. म्हणाली, "अगं चाळीस वर्षं परकर नेसतेय, माझ्या कमरेवर काय आहे ते बघ." काळी रेघ. नाडी बारीक, सगळा ताण त्या एका रेघेवर. तोच ताण दोन इंच रुंद पट्टीवर पसरला की दाब वाटला जातो, क्रेप बँडेज कसं बोचत नाही, तसं. म्हणजे भानगड नुसती घट्ट-सैलची नव्हती, रुंदीची पण होती.

चौथं वेलक्रो. कुत्र्याच्या केसात अडकलेली काटेरी फळं बघून जॉर्ज द मेस्ट्रल नावाच्या स्विस इंजिनिअरला ते सुचलं म्हणतात, आणि माझ्या वॉशिंग मशीनमध्ये त्याने अगदी तेच केलं, बाबांचा सदरा, माझी ओढणी, सगळं धरून बसलं. शिवाय कडा पोटरीला घासते. बाद.

मग एक दिवस शेजारच्या पिंट्याची शाळेची पँट आली कंबर उसवायला आणि तिच्या कमरेत आतून काजवालं इलास्टिक! पोरगं जाड झालं की बटण पुढच्या काजात. हे इतकी वर्षं माझ्या हातात होतं.

आता जो मोजा चालू आहे तो असा. बाहेरच्या बाजूला चीर, पुढे नाही कारण तिथे नडगीचं हाड कातडीला लागून असतं, मागे नाही कारण तिथे शीर आहे. चिरेत जुन्या टीशर्टच्या गळपट्टीची कळी, म्हणजे मधे जोडलेला तिकोनी तुकडा. ती गळपट्टी रिबची असते, सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रेघांची, म्हणून रबर नसतानाही आपली आपण ताणते आणि परत येते. वरून दीड इंच रुंद पट्टी, तिला काजवाल्या इलास्टिकची पाच काजं आणि एक चपटं शर्टाचं बटण, सगळं बाहेरून. आत कडक काहीही नाही. बोटांवरची शिवण तेवढी टोचते म्हणून बाबा मोजा उलटा घालतात, तर मी सगळी जोडणी उलट्या बाजूवरच केली. दिसतं विचित्र, बुटाच्या वर पँट असते, कोण बघतंय.

सकाळी दुसरं काज, दुपारी झोपून उठल्यावर तेच, संध्याकाळी चौथं. हलकी रेघ अजून येते, खड्डा नाही. बाबांना त्याचा नादच लागलाय, फोनवर पण "आज तिसऱ्यावर आहे" सांगतात. ट्रॅकवरच्या एका काकांनी दोन जोड सांगितलेत, त्यांची पोटरी अजून मोजायचीय.

फक्त गेल्या रविवारी संध्याकाळी सहालाच पाचव्या काजावर. मीठ जास्त झालं की पाय फुगतात, म्हणून मी म्हटलं, बाबा, मिसळ खाऊन आलात ना ट्रॅकवरून?

"पापड एकच घेतला गं."