आंबिल ओढा आणि सॉफ्टवेअरची निवड

आज ऑफिसात दिवसभर एकच खल: पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या भागातल्या पुराचं संगणकावरचं मॉडेल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं? एकाला महागडं पॅकेजच हवं होतं, कारण "त्याचं ॲनिमेशन भारी दिसतं". असो.

माझं म्हणणं, आधी पाणी येतंय कुठून ते बघा. पावसाळी गटारं भरून चेंबरमधून पाणी वर येत असेल तर अमेरिकेच्या ईपीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर. १९७१ पासूनचं, फुकट, पाइपांचं गणित चोख. पण बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठल्या गल्लीत शिरेल, हे ते स्वतःहून सांगत नाही. ओढाच पात्र सोडून सोसायट्यांत घुसत असेल तर हेक-रास या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं द्विमितीय मॉडेल, म्हणजे पाणी जमिनीवर चहूकडे कसं पसरतं ते दाखवणारं. तेही फुकटच.

२५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र आठवा. आंबिल ओढ्याकाठच्या सीमाभिंती पडल्या. भिंत उभी आहे तोवर पाणी अडतं, पडली की एकदम लोंढा. उपग्रहाच्या फुकट उंची-नकाशात एकेक चौकोन ३० मीटरचा, त्यात ही भिंत दिसणार कशी? तिथे अख्खा ओढाच एका चौकोनात गडप होतो! म्हणून म्हटलं, महागड्या पॅकेजच्या परवान्याचे पैसे वाचवा आणि नीट सर्व्हे करून घ्या: रस्त्याखालच्या मोऱ्यांची मापं, ओढ्याचे छेद (पात्राची रुंदी-खोली), भिंतींच्या जागा.

साहेबांना पटलंय बहुतेक. सहकारनगर, अरण्येश्वर भागात कुणी राहत असाल तर तेव्हा पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते कळवा, मॉडेल ताडून बघता येईल. चिखलाच्या रेघेचा फोटो असेल तर सोन्याहून पिवळं!