नकाशातील दुसरी कॉट

भाच्याने फ्लॅटचा सुधारित नकाशा काल पाठवला. ओटा, ड्राय बाल्कनी, पॅसेजमधली कपाटे असे बाकीचे सगळे ठरल्याप्रमाणे आहे आणि ते पाहून समाधान वाटायला हवे होते. परंतु पोरांच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीला लागून, त्याने ३ बाय ६.५ फुटांचा एक आयत काढला आहे आणि त्याच्या डोक्याशी छोटी उशीही दाखवली आहे. आमच्या खोलीतला डबलबेड गायब असून तिथेही तसाच एक आयत भिंतीकडे सरकवून ठेवलेला आहे. मी फोन करून त्याची चूक त्याच्या लक्षात आणून दिली. तो म्हणाला, "चूक नाही मामा, मामींनीच सांगितलं. मी मापं घ्यायला आलो होतो ना, तेव्हाच. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

झालेले नव्हते.

विचारले तेव्हा ही मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली न ठेवता म्हणाली, "हो, मीच सांगितलं. तुम्हाला पंखा सोसत नाही, मला पंख्याशिवाय झोप नाही. शिवाय तुमचं घोरणं, पहाटेचा तो रेडिओ. नाहीतरी तोडफोड करतोच आहोत, तर एकदाच होऊन जाऊ दे." आणि लगेच ड्राय बाल्कनीतला नळ उजवीकडे घ्यायचा की डावीकडे, हे विचारले.

वेगळे झोपण्याचे मला दुःख झाले आहे, असे म्हणवत नाही. मध्यरात्रीनंतर ही उठून हॉलमधल्या दिवाणावर जाते, हे मला कित्येक दिवसांपासून ठाऊक आहे, आणि मला ते ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. पण दिवाणावर जाणे ही त्या त्या रात्रीची गोष्ट असे. सकाळी चादरीची घडी झाली की तिचा पुरावा उरत नसे. नकाशातल्या कॉटची तशी घडी होत नाही. तिला लांबी-रुंदी आहे, तिच्या उशाशी दिव्याचे बटण आहे, मोबाइल चार्जिंगचा पॉइंट आहे, आणि तो पॉइंट जमिनीपासून किती उंचीवर घ्यायचा हेही लिहिलेले आहे. एवढा विचार झालेला आहे, आणि तो माझ्याशिवाय झालेला आहे. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत, देवघर ईशान्येला आणि मी नैर्ऋत्येला, असा एकाच बैठकीत सर्वांचा निकाल लावून ती मोकळी झाली. वास्तुशास्त्राप्रमाणे कर्त्या पुरुषाची खोली नैर्ऋत्येलाच असावी, असे भाच्याने मला समजावले; त्यामुळे तक्रार करण्याचीही सोय राहिली नाही.

मोठ्या मुलालाही नकाशा पाठवला होता. त्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले. पोरांच्या खोलीत तो बारावीपर्यंत राहिला. असो.

रात्री झोप येईना, म्हणून मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाव इंचाला एक फूट असे प्रमाण धरून दोन्ही खोल्या काढल्या. आमची खोली ११ बाय १२, पोरांची १० बाय १०. मधली भिंत पूर्वेकडे दीड फूट सरकवली, तर आमची खोली साडेबारा फुटांची होते आणि दोन्ही कॉट तिच्यातच, मध्ये भरपूर जागा सोडून, मावतात. हिचा पंखा हिच्या बाजूला, माझी बाजू बिनपंख्याची. पोरांची खोली साडेआठ बाय दहा उरते, म्हणजे सुमारे ७.९ चौरस मीटर. घरात दोन खोल्या असतील तर दुसरी किमान ७.५ चौरस मीटरची आणि २.१ मीटर रुंद असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, त्यामुळे तिकडूनही अडचण नव्हती. नियमात बसणारा उपाय सापडल्याच्या आनंदात मी सकाळी सातलाच भाच्याला फोन केला.

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकेक करून सगळे मोडून काढले. आपल्या इमारतीचा भार आरसीसीच्या चौकटीवर, म्हणजे कॉलम आणि बीमवर आहे. मधली भिंत नुसती आडोशाची आहे हे खरे, पण ती वीटभिंत बरोबर बीमखाली बांधलेली आहे. तिथून सरकवली की ती उघड्या स्लॅबवर उभी राहणार. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे लागेल, सोसायटीचे पत्र घ्यावे लागेल आणि विटेऐवजी सिपोरेक्सचे हलके ब्लॉक वापरावे लागतील, ज्यांचे वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश असते. भिंत गेली तरी बीम जागेवरच राहणार, आणि तो नेमका मामींच्या कॉटवर येणार. तुळईखाली ही झोपणार नाही, हे त्याने मला सांगण्याची गरज नव्हती. शेवटी तो म्हणाला, "आणि मामा, हलकी भिंत आवाज अडवत नाही. जितकं वजन, तितका आवाज कमी. मामींना ती जुनी विटांचीच भिंत हवी आहे, त्यांनी मुद्दाम विचारून घेतलंय."

मुद्दाम विचारून घेतले आहे! म्हणजे कॉट कुठे ठेवायची एवढ्यावर भागले नव्हते. मधल्या भिंतीतून माझे घोरणे किती झिरपेल, याचीही चौकशी झाली होती. माझ्या बाजूने त्या भिंतीला दोन फूट खोल कपाट करून त्यात गोधड्या आणि हिवाळी रजया भरायच्या, म्हणजे आवाज आणखी दबेल, हीदेखील तिचीच सूचना. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नयेत, कारण तेवढ्या जागी विटा पोखरल्या जाऊन आवाजाला वाट मिळते, ही भर भाच्याने घातली. दुपारी मी सहज म्हणून माहिती चाळली, तर २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे बाहेरच्या भिंती कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या वापरायच्या क्षेत्रफळात, धरत नाहीत, पण आतल्या आडभिंतींखालची जागा धरतात. म्हणजे जिच्यावरून हे सगळे चालले आहे, ती भिंतही आमच्याच चौरस फुटांत मोडते.

दिवसभर मी एकच गोष्ट घोळवत राहिलो: तिने आधी मला का सांगितले नाही? सांगितले असते तर मी काय म्हटले असते, याचे उत्तर मला अवघड नाही. मी म्हटले असते की बघू, पावसाळा होऊ दे. हेच नळ बदलण्याच्या बाबतीत म्हटले होते, पोरांच्या खोलीतला व्यायामाचा सायकलसांगाडा काढण्याच्या बाबतीतही म्हटले होते. त्यामुळे तिने थेट नकाशा काढणाऱ्यालाच सांगितले, यात व्यवहार आहे हे मला कळते. कळते म्हणून बोचायचे मात्र थांबत नाही. बारा माणसांत पान वाढून झाल्यावर "तुम्ही जेवणार ना?" असे विचारावे, तसे काहीसे वाटत राहते.

खरे तर आपल्या घराण्यात नवरा-बायकोची म्हणून वेगळी खोली होती कधी? जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या वाड्यात आई माजघरात आजी-आत्यांबरोबर झोपत असे आणि वडील माडीवर काकांबरोबर. आजोबांची वळकटी ओसरीवर. सकाळी सगळ्या वळकट्या एका कोपऱ्यात रचल्या जात, आणि कोण कुठे झोपले होते याचा मागमूस राहत नसे. त्यांच्या संसारात काही उणे होते, असे आम्हा भावंडांकडे पाहून तरी कोणी म्हणणार नाही. मास्टर बेडरूम हा प्रकार आमच्याकडे फ्लॅटबरोबर आला, बिल्डरच्या माहितीपत्रकातून, आणि पलंग तिच्या मापाने केला गेला. वाड्याची आठवण मी हिला सांगितली. ती म्हणाली, "मग झालं तर." मला तिच्याकडून थोडा प्रतिवाद अपेक्षित होता.

एक हिशेब मात्र पुन्हा पुन्हा करून पाहिला. डबलबेड ६ बाय ६.५, म्हणजे ३९ चौरस फूट. दोन कॉट, प्रत्येकी ३ बाय ६.५, मिळून पुन्हा ३९ चौरस फूटच. वेगळे झाल्याने एक इंचही जागा वाचत नाही. वाचते ती चालण्याची जागा, कारण कॉट भिंतीला टेकवता येते आणि एकाच बाजूने वाट ठेवली तरी भागते. हे भाच्याला ऐकवले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मामा, फ्लॅटमध्ये हलवता येण्यासारखं असतंच किती? कॉलम हलत नाही. संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात पाइप आणि भराव असतो, ते दुसरीकडे नेता येत नाही. ओट्याचं सांडपाणी बाहेरच्या उभ्या पाइपलाच जोडावं लागतं. मग हलवायचं काय? फर्निचर." माणसे हा शब्द त्याने वापरला नाही, हे त्याचे सौजन्य.

संध्याकाळपासून मात्र माझे लक्ष तक्रारीवरून वाटणीकडे वळले आहे, हे कबूल केले पाहिजे. पश्चिमेची खिडकी माझ्याकडे राहते आणि तिच्यातून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, पण डोंगर हिरवा झाला की मी ती सोसतो. हिला सकाळचे ऊन आणि समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी. अटॅच्ड बाथरूमही माझ्याच बाजूला. ते कसे काय, असे मी भाच्याला विचारले, तर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "रात्री तुम्हाला उठावं लागतं ना, म्हणून मामींनी सांगितलं." ही गोष्ट भाच्याला सांगण्याचे काय कारण होते, ते मला समजलेले नाही. रेडिओसाठी मी उशाशी एक जादा पॉइंट मागितला. तो नकाशात आधीच होता.

आता प्रश्न उरला आहे तो पलंगाचा. सागवानी आहे, तेव्हा विकायचा नाही, मधोमध कापून त्याच्याच दोन कॉट करायच्या, असे हिचे म्हणणे; नकाशातले ३ फूट तिथूनच आलेले आहेत. सुतार येऊन पाहून गेला. पाय नवे लावावे लागतील, ते सोपे आहे, पण उशाकडच्या फळीवर बरोबर मध्यावर आठ इंच रुंदीचा मोर कोरलेला आहे, आणि करवत मधोमध चालवली तर मोराचे दोन तुकडे होतील. करवत चार इंच बाजूला घेतली तर मोर अख्खा राहतो, मात्र एक कॉट ३ फूट ४ इंचांची होते आणि दुसरी २ फूट ८ इंचांची. २ फूट ८ इंचांत माझा देह मावणार नाही, तेव्हा मोर माझ्याकडे येणे ओघानेच आले, असे मी म्हटले. पलंग माझ्या वडिलांनी करवून दिलेला आहे, तेव्हा मोर माझा, असे ती म्हणते. सुतार उद्या दहा वाजता येणार आहे आणि अजून आमचे ठरलेले नाही.