भोपळ्यांची सोयरीक

काकडीचं देठाकडचं टोक कापायचं आणि तोच तुकडा कापल्या जागी गोल गोल घासायचा. पांढरा फेस येतो, तो धुऊन टाकायचा. आई म्हणते, कडू निघून जातं. कडवटपणा देठाकडे जास्त असतो, तेव्हा टोक कापण्यात शहाणपण आहेच. फेसाचं मला ठाऊक नाही. एवढं करूनही एखादी काकडी अशी निघते की सगळी कोशिंबीर टाकून द्यावी लागते.

हा कडूपणा म्हणजे कुकुरबिटासिन नावाचं रसायन, भोपळ्याच्या कुळाची वडिलोपार्जित इस्टेट. किड्यामुंग्यांनी, गुराढोरांनी तोंड लावू नये म्हणून राखलेली. माणसाने पिढ्यान् पिढ्या गोड फळाचंच बी धरलं, तेव्हा काकडीतला कडूपणा झोपला. मेला नाही. २०१४ मध्ये उलगडा झाला की कडू घडवणारी जनुकं जागच्या जागी आहेत. त्यांची बटणं मात्र दोन, एक पानाचं, एक फळाचं. घरच्या काकडीत फळाचं बटण ढिलं पडलंय, एवढंच. वेलाला पाण्याची ओढ बसली की काकडी पुन्हा कडवट होते.

नात्यांचा घोळ तर त्याहून गमतीचा. दुधी भोपळा आणि लाल भोपळा, आपल्या लेखी भाऊ-भाऊ. गुणसूत्रं मोजली तर दुधीच्या ११ जोड्या आणि कलिंगडाच्याही ११. कुळातही दोघं अगदी शेजारी. लाल भोपळा अमेरिकेतून आलेला, लांबचा चुलत. त्याच्या जोड्या २०. त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांची सगळी पोथी, २०१७ मध्ये वाचला, तेव्हा दिसलं की दोन निराळ्या पूर्वजांचे जनुकसंच त्याच्यात एकत्र नांदतायत, तेही फारशी भांडणं न करता. घारगे करताना कुणाला कळणार हे! काकडीने उलटा संसार केला. तिच्या सख्ख्या खरबुजाच्या १२ जोड्या, हिने गुणसूत्रं एकमेकांना जोडत जोडत ७ वर आणल्या.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. दुधी चिरायला घेतला होता. कडू दुधी पोटात गेला तर जिवावर बेततं, म्हणून आमच्याकडे चाखल्याशिवाय फोडणीला पडत नाही. तिने एक फोड माझ्यापुढे धरली.

"बघ रे."

जिभेला लावली. "गोड आहे."

"असणारच. कलिंगडाचा भाऊ ना तुझ्या?"