दोन ते चारचा पहारा

२०२३च्या मार्चमध्ये मी सुटलो. तीनशे सातची, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाची केस, सात वर्षांची शिक्षा, माफी वजा जाता साडेपाच वर्षं आत. गेटवर पाकीट, बंद पडलेला मोबाईल आणि कारखान्यातल्या मजुरीचे साठलेले पैसे मिळाले. न्यायला आई आली होती.

आत एकच चांगली गोष्ट हाताला लागली होती, पखवाज. आमच्या बराकीत जन्मठेपेचे एक आबा होते, त्यांना तो वाजवता यायचा. डाव्या अंगाला लावायची कणीक भटारखान्यातून मागून आणायची, मऊ मळायची, वाजवून झाल्यावर खरवडून काढायची. पहिले दोन महिने माझं काम एवढंच. मग हळूहळू भजनी ठेका. आबा सांगायचे, १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. आतले दिवस नुसते मोजायचे नसतात. २०२२ साली राज्यातल्या कारागृहांमध्ये तुकाराम महाराजांच्या नावानं भजन-अभंगाची स्पर्धा झाली, तेव्हा आमचाही संघ उतरला. नंबर आला नाही. पण तालमीच्या दिवसांत टाळकऱ्यांचं लक्ष माझ्या हाताकडे असायचं आणि माझं त्यांच्या. त्याआधी कित्येक वर्षांत माझ्या हातांकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर ते सगळं संपलं. ड्रायव्हरच्या नोकरीला चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, तिथंच गाडी अडली. रेशनकार्डावरून नाव कमी झालं होतं. घरात आईशी काय बोलायचं तेही सुचेना. दिवस मावळला की बराकीला कुलूप लागल्यासारखा खोलीत जाऊन बसायचो. आमच्या जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थाननं १९३९ साली वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. तिथं कैदी बायकामुलांसह राहतो आणि शेती करतो. तिचा अर्थ मला सुटल्यावर कळला. घरात राहायची सवयसुद्धा मोडते, आणि ती आधीच परत लावून घ्यावी लागते.

गावात मला चहाला बोलावणारे तिघंच होते आणि तिघंही जुन्या धंद्यातले. सुटलेला माणूस पैशासाठी परत वाईट मार्गाला लागतो, असं लोक म्हणतात. मी त्यांच्यात जाऊन बसायला लागलो तो चहासाठी.

जूनमधल्या एका एकादशीला आई मला ओढून विठ्ठल मंदिरात घेऊन गेली. मी मागं खांबाला टेकून बसलो. पखवाजवाला आला नव्हता. बुवांनी हाक मारली, "आई म्हणती तू वाजवतोस. ये की." मी पुढं जाऊन बसलो तसा एक जण टाळ ठेवून उठून गेला. मी ज्याच्यावर वार केला होता, त्याचा तो चुलता. त्याचं काही चुकलं नव्हतं. बुवांनी फक्त रूपाचा अभंग सुरू केला आणि गौळणीपर्यंत मी मान वर केली नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी मला परत बोलावणं धाडलं.

श्रावणात सप्ताह बसला. वीणेच्या पहाऱ्यांची यादी मंदिराच्या फळ्यावर लागली. वीणा गळ्यात घालून नामस्मरण करत उभं राहायचं, दोन-दोन तासांची पाळी. पहारा हा शब्द वाचूनच पोटात गोळा आला. आत मीही रात्रीचा पहारा दिला होता, झोपलेली डोकी मोजत. फळ्यावर माझं नाव रात्री दोन ते चारला होतं. माझ्या वर, बारा ते दोनला, त्या चुलत्याचं.

त्या रात्री साडेबाराच्या सुमाराला फोन आला. "गाडी काढ. हायवेपर्यंत सोडायचं, पाच हजार देतो." काय सोडायचं ते मी विचारलं नाही, मला कळत होतं. चप्पल घालून रस्त्यावर आलो. मंदिराच्या स्पीकरवरून एकट्या माणसाचं नामस्मरण ऐकू येत होतं, घसा बसलेला. वीणा जमिनीला टेकवायची नसते. घेणारा आल्याशिवाय गळ्यातून काढायची नसते. मी गेलो नाही तर तो म्हातारा तसाच उभा राहणार होता. फोनवर म्हणालो, "माझा पहारा आहे." त्यानं शिवी दिली. मी फोन बंद करून हातपाय धुतले.

पावणेदोनला मंदिरात पोचलो. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, ही रीत. मी वाकलो. तो बराच वेळ नुसता उभा होता. मग त्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली, आणि वाकला. बोलला काही नाही. आजही बोलत नाही. पण मी वाजवायला बसलो की आता उठून जात नाही.

पुढं बुवांनी शब्द टाकला म्हणून दूध संकलन केंद्रावर काम मिळालं. मोबाईलचा नंबर बदलला. गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या गावातला एक पोरगा सुटून आलाय. त्याला अजून ठेका येत नाही, म्हणून कणकेचं काम त्याच्याकडे दिलंय. गुरुवारी साडेसातला तो मळून घेऊन येतो. आला नाही तर पावणेआठला मी मोटारसायकल काढून त्याच्या घरी जातो.