चढाचं सगळे सांगतात, उताराचं कोणी सांगत नाही

मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाबद्दल मला निदान वीस जणांनी बजावलं होतं. त्यानंतरच्या उताराबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. म्हणून हे लिहितेय. पाय अजून उशीवर आहेत, तेव्हा सूर जरा तिखट लागला तर चालवून घ्या.

१९ जानेवारी २०२५, मुंबई मॅरेथॉन, अर्धी. २१ किलोमीटरची तयारी कशी करायची ते इथे नाही. ते तुम्हाला येतंच असं धरते. हे आहे केमो होऊन गेलेल्यांसाठी. मला २०२०च्या ऑगस्टमध्ये, चोविसाव्या वर्षी, हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. दर पंधरा दिवसांनी एक असे केमोचे बारा डोस. सांगलीहून ये-जा जमणार नव्हती, म्हणून आई आणि मी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. पेशंटच्या राहण्याजेवणाचा खर्च काय असतो ते तेव्हा कळलं. त्यासाठीच पैसे जमवणाऱ्या एका संस्थेकडून मी चॅरिटी बिब, म्हणजे देणग्या जमवण्याच्या बोलीवर मिळणारा, छातीवर लावायचा स्पर्धेचा क्रमांक, घेतला.

पैशांचं आधी सांगते. नातेवाइकांना 'करसवलत मिळेल' असं सरसकट सांगू नका. मी सांगितलं आणि तोंडघशी पडले. मामाने प्रेमाने पाच हजार रोख काढून दिले. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ही सवलत मुळातच नाही. हे संस्थेने सांगायला हवं होतं. देणगी ऑनलाइन घ्या, पॅन नंबर तेव्हाच मागून ठेवा. नंतर मागायला लाज वाटते.

त्याच संस्थेने शनिवारी संध्याकाळी टी-शर्ट हातात ठेवला. छातीवर रबरासारख्या जाड छपाईत 'मी कॅन्सरला हरवलं'. ती छपाई नेमकी गळ्याच्या हाडाखाली, माझ्या पोर्टच्या (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) व्रणावर. सहाव्या किलोमीटरला तिथे आग आग. पोर्ट होऊन गेला असेल तर व्रणावर मेडिकल टेप लावा, आणि न धुतलेला, न पळून पाहिलेला टी-शर्ट कोणीही दिला तरी घालू नका. फोटोपुरता वर चढवा, काढून टाका. संस्था नाराज होते, होऊ द्या.

आता टॅक्सी. अर्धी मॅरेथॉन माहीमच्या रेती बंदरावरून पहाटे पाचला सुटते. मी डोंबिवलीला मावशीकडे उतरले होते. त्या रात्री रेल्वे खास लोकल सोडते, ती उत्तम. मी दादरला वेळेत उतरलेही. दादर ते रेती बंदर जेमतेम तीन-चार किलोमीटर, त्याचे पाचशे रुपये! मीटर टाका म्हटलं तर, 'मॅडम, आज रस्ते बंद हैं.' बंद रस्ता एकही लागला नाही. बाहेर चार जण बिब लावून उभे होते, टॅक्सी वाटून घेऊ या का, असं त्यांना विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. तुम्ही विचारा. आणि बिब घ्यायला बीकेसीला शनिवारी जाऊ नका. तासन् तास उभं राहून पाय तिथेच संपतात.

सी लिंक छान. एरवी तिथे पायी जाऊ देत नाहीत. पुढे चला.

हाजी अलीनंतर पेडर रोड. पळायला नाव देण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्या, डॉक्टरांना विचारा. आमच्या औषधांतलं लाल इंजेक्शन हृदयाला आणि ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, आणि तो कधी कधी उपचार संपल्यावर बऱ्याच वर्षांनी वर येतो. माझे रिपोर्ट ठीक होते, तरी चढ मी चालत चढले. घड्याळात नाडी १६५च्या वर गेली की चालायचं, हे घरूनच ठरवलं होतं. हा आकडा मला माझ्या डॉक्टरांनी दिलेला, तुम्ही तुमचा घ्या. आजूबाजूचे 'कम ऑन, चलो चलो' ओरडतात. ऐकू नका. सोसायट्यांतल्या बायका संत्र्याच्या फोडी आणि चिक्की देतात, ती मात्र घ्या. चढ म्हणजे फार काही नाही. खरंच नाही. आमच्या दंडोबाच्या डोंगरावर पळणाऱ्याने त्याचा बाऊ करू नये.

खरी गोची केम्प्स कॉर्नरच्या पुढे. रस्ता बाबुलनाथकडे उतरू लागतो, सगळे सुसाट सुटतात, मीही सुटले. केमोतल्या व्हिनब्लास्टिन या औषधाने माझ्या पायांच्या बोटांतली जाणीव अजून अर्धीच आहे. सपाटीवर ते जाणवत नाही, चढावरही नाही, कारण तिथे आपण जपून असतो. उतारावर पाऊल कुठे पडतंय हे पायाला कळावं लागतं. माझ्या पायाला कळलं नाही. खाली फेकलेला पाण्याचा प्लास्टिकचा कप डाव्या पावलाखाली आला, मला काहीच जाणवलं नाही, पाय सरकला तेव्हाच समजलं. दोन्ही तळहात सोलले. एका काकांनी उठवलं, 'पोरी, खाली बघून पळ!' म्हणाले. बरोबर होतं त्यांचं.

तर उतारावर कडेने, आखूड पावलं टाकत, नजर रस्त्यावर ठेवून जा. पाण्याच्या टेबलाच्या पुढची पन्नास पावलं चालतच जा, कप तिथेच पडलेले असतात. बूट अर्धा नंबर मोठे, नाड्या घट्ट, नाहीतर बोटं पुढे आपटत राहतात. हा सराव घराजवळच्या उतारावर आधी करा. चढाचाच करत बसू नका. मी तेच केलं.

चौपाटीपासून पुढचं मला धड आठवत नाही. २ तास ५२ मिनिटं. मेडल घेतलं, रडले वगैरे, ते असो.

डोंबिवलीला पोचून मोजे काढले तर डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं, मोजा रक्ताने चिकटलेला. मावशी किंचाळली, मी नाही. मला दुखतच नव्हतं. शेवटची रेघ ओलांडली की पहिलं पाणी, दुसरं बूट-मोजे काढून एकेक बोट डोळ्यांनी तपासणं. दुखेल तेव्हा पाहू म्हणालात तर आपल्याला ते दुखणारच नाही.